तीन वेळा पहिलीत

मी पहिलीच्या वर्गात तीन वेळा बसले. नापास एकदाही झाले नाही; परीक्षेपर्यंत मला कुठे राहूच दिलं नाही. हे मी आजही सांगायला लागले की लोक हसतात. मला मात्र अजून राग येतो.

वडील धुळ्याला कचेरीत कारकून होते. त्यांना मी भाऊ म्हणे. त्यांनी दुसरं लग्न केलं आणि माय मला काखेत घेऊन पहूरला माहेरी निघून गेली. "सवतीच्या हाताखाली मी राहणार नाही," एवढंच ती म्हणाली आणि शेवटपर्यंत त्यातून मागे फिरली नाही. पुढे दोन्हीकडच्या पंचांनी बसून माझा निकाल लावला. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्यतृतीयेपासून, दिवाळीपर्यंत मी बापाकडे आणि दिवाळी ते आखाजी आईकडे. पंच समाधानाने जेवून गेले असतील. पोरीला शाळेत घातलं तर काय होईल, हे त्यांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

धुळ्याच्या मुलींच्या शाळेत माझं नाव घातलं. बाराखडी संपून जोडाक्षरं यायला लागली की दिवाळी येई आणि मला पहूरला नेत. तिथल्या मुलांच्या शाळेत आम्ही दोन-तीन मुली एका कोपऱ्यात बसायचो. मास्तर म्हणत, "धुळ्याला काय शिकवतात ते धुळ्याला. तू इथे अ आ पासून बस." मी बसे. तिथली परीक्षा आखाजीनंतर, तोवर मी निघालेली असे. आखाजीला परत धुळ्याला आले की बरोबरच्या मुली पुढच्या वर्गात गेलेल्या असत आणि बाई मला नव्या, नाक गळणाऱ्या पोरींत बसवत. तिसऱ्या खेपेला मी त्या पोरींपेक्षा वीतभर उंच होते. कविता म्हणायला उभी राहिले की मागून खसखस पिके.

बोलण्याचंही तसंच. धुळ्याला घरात अहिराणी. मी पहूरचं बोलले की भाऊंचे काका, ज्यांना सगळे नाना म्हणत, ते हसत, "आते हाई कोठली भाषा शे?" पहूरला जाऊन 'आहे'ला 'शे' म्हणाले की मायच्या कपाळाला आठी पडे. "त्या घरचं त्या घरी ठेवून येत जाय वं." कपडेही त्या घरचे त्या घरी राहत. सहा महिन्यांनी माझा परकर पेटीतून निघे तेव्हा तो घोट्याच्या वर आलेला असे, आणि माय तो हातात धरून भाऊंना शिव्या देई, जणू मी वाढले यात त्यांचंच काही कारस्थान होतं.

मला पोचवायचं काम नानांचं आणि घ्यायला यायचं काम मामाचं. धुळ्याची गाडी चाळीसगावला येऊन थांबते. नाना मला घेऊन तिथवर येत. मामा पहूरहून छोट्या गाडीने पाचोऱ्याला आणि तिथून मोठ्या गाडीने चाळीसगावला येई. फलाटावरच्या बाकावर दोघे दोन टोकांना बसत, मधे मी. त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. जे काही सांगायचं ते माझ्यामार्फत.

"तुन्हा मामाले सांग, पोरले खोकला शे."

"तुह्या नानाले सांग, खोकला तिकडचाच हाये, इकडे येऊन बराच होते."

दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येई. तरी मी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे तोंड करून तेच पुन्हा म्हणायचं.

ज्या दिवाळीची ही गोष्ट, त्याच्या आधी धुळ्याच्या बाईंनी मला टेबलाजवळ बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "तुला सगळं येतं. परीक्षा दिवाळीनंतर लगेच आहे. तेवढी दे, म्हणजे मला तुला दुसरीत घालता येईल." मी धावत घरी गेले. भाऊ जेवत होते. मी सांगितलं तसा त्यांनी घास खाली ठेवला, मला वाटलं आता हो म्हणतील. म्हणाले, "पंचांचा शब्द आहे. आपण मोडला तर तुझी आई चार गावांत बोंब मारेल." धाकटी आई, जिला मी मावशी म्हणे, वाढता वाढता म्हणाली, "थोडे दिवस राहू द्यावं पोरीला." त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग ती आत गेली.

तेव्हा मी गाडीत बसले. चाळीसगावला उतरले. मामा आधीच येऊन बसला होता. नाना टेकले आणि सुरू झाले.

"तुन्हा मामाले सांग..."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं.

मामा म्हणाला, "काय झालं वं? तुह्या नानाले विचार, पोरीले मारलं का कोनी?"

"मी कुणाला काही विचारणार नाही. तुम्हाला तोंडं आहेत, तुम्ही बोला!" असं ओरडून मी खाली बसले आणि बाकाचा लोखंडी पाय दोन्ही हातांनी धरला. लोक बघायला लागले. पाचोऱ्याकडे जाणारी गाडी आली. मामाने माझे हात सोडवायचा प्रयत्न केला, मी त्याला चावले. गाडी गेली.

मग मामा माझ्यासमोर उकिडवा बसला. हातावरचा चावा चोळत त्याने विचारलं, "काय पाहिजे तुले?"

मला हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मला रडू फुटलं. "मले दुसरीत जायचंय. परीक्षा आहे. तेवढी होऊ द्या."

मामाने मान वर केली आणि थेट नानांकडे पाहून म्हणाला, "कवा हाये परीक्षा?"

नाना म्हणाले, "पंधरा-वीस रोजमा व्हई जाई."

असे ते बोलायला लागले. आधी परीक्षेचं, मग पाऊस कसा झाला, मग कपाशी. नानांनी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, मामाने तंबाखू काढली. थोड्या वेळाने दोघे हसत होते. इतकी वर्षं ज्यांनी मला मधे बसवून छळलं ते माझ्या डोक्यावरून कपाशीच्या किडीवर गप्पा मारत होते! मला त्यांना पुन्हा चावावंसं वाटलं. शेवटी ठरलं ते असं, की मी नानांबरोबर परत जायचं आणि परीक्षा झाली की मामाने न्यायला यायचं.

परीक्षा झाली, मी वर्गात पहिली आले. मामा ठरल्याप्रमाणे आला. सबंध वाटेत मी मायला काय काय वाचून दाखवायचं ते ठरवत होते.

माय दारात उभी होती. जवळ घेतलं नाही. "आलीस? मला वाटलं, आता तिकडचीच झाली."

"परीक्षा होती माय. मी दुसरीत..."

"गाडी आली तरी चढली नाहीस म्हणे. माझ्या भावाला चावलीस. मी इथे ठेसनावर नवं पोलकं घेऊन उभी होते."

मी परोपरीने सांगितलं. मामानेही सांगितलं. पण तिने मनाशी धरलं ते धरलं, की पोरीने बापाचं घर निवडलं. मी शाळा मागितली होती, घर कुणाचंच मागितलं नव्हतं. हे त्या वयात मला नीट मांडता आलं नाही. आखाजीला मी निघाले तेव्हा ती चुलीपुढे बसूनच म्हणाली, "तिकडेच शीक आता. मधेमधे येऊन तुझं नुकसान नको." हे रागाने की मायेने, ते तिच्या आवाजावरून कळेना.

पुढच्या दिवाळीला मामाचा निरोप आला, की येत नाही. भाऊ म्हणाले, "बरं झालं, कटकट गेली." मी सातवी झाले, शिक्षिका झाले. मायकडे लग्ना-कार्याला पाहुणीसारखी जात राहिले.

खूप वर्षांनी, मला पोरंबाळं झाल्यावर, मी तिला विचारलंच. "मला न्यायला का पाठवलं नाहीस?"

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तू निरोप धाडशील असं वाटलं."

"मी आठ वर्षांची होते, माय!"

"मग?" ती म्हणाली, आणि सुपातला खडा काढून अंगणात टाकला. मी उठून आत गेले आणि भांडी आपटत घासायला बसले.