चालत्या गाडीतली बोरं

रेल्वेने खेड्यातल्या माणसाला वेग दिला. मांडवातले प्रमुख पाहुणे हे अशा आवाजात म्हणाले, की फलाटाला लागलेल्या इंजिनालाही ते खरं वाटलं असावं.

आमच्या सांगलीकडची नॅरोगेज उखडून जमाना झाला. काही हौशी मंडळींनी माळावर तिचा एक तुकडा पुन्हा घातला, दोन डबे रंगवले आणि त्याला वारसा म्हणायला सुरुवात केली. हिवाळ्यातल्या एका रविवारी त्याच्या उद्घाटनाला मी चुलत्यांना आणि चुलतीला घेऊन गेलो.

चुलते फौजेतून निवृत्त झालेले. तरुणपणी ते म्हणे या चालत्या गाडीतून उतरत, बोरं तोडत आणि परत येऊन तीच गाडी धरत. घरातल्या प्रत्येक लग्नात ही गोष्ट होते. आमच्याकडे त्या वयाचा प्रत्येक पुरुष हेच सांगतो. सगळ्यांचं खरं मानलं, तर गाडी रिकामीच धावत असणार. चुलतीचं माहेर तासगावकडचं, एसटीच्या रस्त्यावरचं. तिचा यावर कधीच विश्वास बसला नाही.

"आज दावा," डब्यात बसताच ती म्हणाली. "न्हाईतर ही गोष्ट परत कुनाला सांगायची न्हाई."

"न्हाई सांगत. शबूद हाय माजा."

गाडी सुटली. बोरीचं झाड दिसताच चुलते पायरीवरून अलगद खाली उतरले. म्हातारा माणूस पडला असं समजून ड्रायव्हरने गाडी थांबवली.

"थांबवू नगंस रं!" बोरांनी खिसा भरता भरता चुलते ओरडले. "चालीव!"

"आवं, आदी बसा, मग चालीवतो."

"उभ्या गाडीत कोनबी बसतंय!"

पुढच्या डब्यातून डोकं काढून पाहुण्यांनी स्टेशन आलं का ते विचारलं. शेवटी गार्डने कंटाळून हिरवं निशाण दाखवलं आणि गाडी हलली. चुलते फौजेतल्या चालीने निघाले. आमचा डबा मागे पडला, मग पाहुण्यांचा, मग इंजिनही. बरंच पुढे गेल्यावर त्यांनी वळून पाहिलं आणि एसटीची वाट बघावी तसे रुळाकडेला उभे राहिले. आमचा डबा समोर आला तेव्हा दांडी धरून चढले.

"तुमी गाडी धरली न्हाई," चुलती म्हणाली. "गाडीनं तुमाला गाठलं."

"पर चालती हुती का न्हाई?"

चुलतीने आधी माझ्याकडे, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"हुती," ती म्हणाली.

गोष्ट बचावली. आता ती सांगताना चुलते साक्षीला मला उभं करतात.

शेवटच्या फलाटावर पाहुणे वेगावर पुन्हा बोलले. ते चालू असताना आम्ही बोरं खायला घेतली. किडकी होती.