मन अडलं तर थांबायचं

शुभदा, मी निघाले त्या दुपारी वर्तकनगरला आमच्या बिल्डिंगखाली तू रिक्षात माझ्या बॅगा कोंबत होतीस. बाबा म्हणाले, "जातेस तर पुरती जा. अर्धा जीव इथे ठेवून जाऊ नकोस." मी मान डोलावली, आणि अर्धा जीव डोंबिवलीत, आपण दोघींनी सुरू केलेल्या शनिवारच्या विज्ञानवर्गात ठेवूनच इंग्लंडला आले.

इथे मी शिकवते ती शाळा क्वेकरांची, म्हणजे शांत बसून प्रार्थना करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची. यांच्या मीटिंगमध्ये मतदान नसतं. सगळे गप्प बसतात, ज्याला सुचेल तो बोलतो, आणि एकाचंही मन अडलं तर निर्णय थांबतो. हे मीच तुला व्हिडिओ कॉलवर हौसेने सांगितलं. तू ते वर्गात नेलंस आणि माझ्याहून छान वापरलंस. तिथेच माझ्या पोटात दुखायला लागलं.

सुट्टीत डोंबिवलीला आले तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. ताटलीत पाणी, त्यात पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास. ज्योत विझली, पाणी आत चढलं. का चढलं? आपण पोरांना हात वर करायला लावायचो. जास्त हात ते उत्तर. आता बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू असताना ती कार्टी चक्क गप्प बसली! मग एक मुलगी म्हणाली, "टीचर, माझं मन अडतंय. जळून हवा संपली म्हणून पाणी चढलं, तर ते ज्योत विझल्यावरच एकदम का चढलं?" लगेच प्रयोग पुन्हा मांडला गेला. मांडत कोण होतं? केतकी. नवी टीचर. माझ्या स्टुलावर बसून.

वर्ग सुटल्यावर तू आम्हा शिक्षकांनाही तसंच बसवलंस. यापुढे हा वर्ग तुझ्यासोबत केतकीने घ्यायचा का? सगळे शांत. "कुणाचं मन अडतंय?"

मला काय अधिकार होता? तरी म्हणाले, "माझं."

केतकीचं तोंड एवढंसं झालं. तू एवढंच म्हणालीस, "मग थांबू या गं."

तू अजून थांबली आहेस. इथेही मीटिंगमध्ये 'कुणाचं मन अडतंय?' असं विचारतात आणि मी शहाण्यासारखी गप्प बसते, कारण मन अडावं असं इथे अजून माझं काही नाही. जिथे अडतं, तेच घर असावं.

क्वेकरांकडे आणखी एक सोय आहे. पटलं नाही तरी बाजूला होता येतं, मग काम पुढे जातं. तर मी बाजूला होते. केतकीला वर्ग दे. जळफळाट गेलेला नाही, इतक्यात जाणारही नाही. फक्त तिला सांग, त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. खाली पुठ्ठ्याची घडी घालावी लागते.