निनाद आणि त्याचा विसराळू ब्राउझर

बेंगळुरूत हेब्बाळच्या आमच्या ऑफिसात दुपारी डबे उघडले की कुणीतरी विचारतंच, "निनादचं काय नवीन?" असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. डब्याच्या पिशवीत जुने चमचे साठत जातात, तसे ते साठतात.

निनाद पुण्याचा. काम कॉम्प्युटर सिक्युरिटीचं, त्यामुळे ब्राउझर जसा येतो तसा वापरणं त्याला दार उघडं टाकून झोपण्यासारखं वाटतं. नवा लॅपटॉप मिळाला की तो आधी सेटिंग्जमध्ये शिरतो आणि दिसेल त्या परवानगीला 'नाही' करून टाकतो. माणूस सोन्यासारखा, पण एकदा बोलायला लागला की थांबत नाही. लग्नासाठी दोन मुली बघून झाल्या. दोघींना त्याने पहिल्याच भेटीत कुकीज समजावल्या. दोन्हीकडून नकार!

"माझं काही जमेल असं वाटत नाही," एकदा ताक पिता पिता तो म्हणाला आणि चक्क गप्प बसला. मला खरंच वाईट वाटलं.

*

कुकी म्हणजे आपल्याला ओळखता यावं म्हणून साइटने आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवलेली खूण. हे ज्ञान अर्थात निनादचंच. त्याचा ब्राउझर बंद केला की अशा सगळ्या खुणा पुसून टाकतो. त्यामुळे बातम्यांची एकच साइट रोज सकाळी त्याला विचारते, "कुकीज चालतील का?" आणि रोज तो शांतपणे "नको" म्हणतो.

मी म्हटलं, "अरे, कालच नको म्हणालास ना? त्यांच्या लक्षात राहत नाही का?"

"नको म्हटलेलं लक्षात ठेवायला त्यांना एक कुकी ठेवावी लागते," निनाद म्हणाला. "ती मी संध्याकाळी पुसतो!"

*

फोनमध्ये जादा अ‍ॅप नको म्हणून टॅक्सीसुद्धा तो ब्राउझरवरूनच मागवतो. लोकेशन अर्थातच बंद. गाडी हमखास ऑफिसजवळच्या तलावाच्या पलीकडे जाऊन उभी राहते आणि ड्रायव्हरचा फोन येतो. मग निनाद रस्त्यात उभा राहून हातवारे करत ओरडतो, "स्वल्प मुंदे बन्नी! थोडं पुढे, थोडं पुढे!"

आम्ही लोकेशन चालू ठेवणारे इतकी वर्षं इथे राहून 'स्वल्प'च्या पुढे गेलो नाही. निनाद आता ड्रायव्हरशी कन्नडमध्ये वाद घालतो, आणि जिंकतो.

*

दुसऱ्या टोकाला आमचा मुंबईचा प्रसाद. त्याचा सगळ्याला होकार. ब्राउझर त्याचं सगळं लक्षात ठेवतो आणि अर्धा शब्द टाइप केला की उरलेला स्वतःच सुचवतो. "किती वेळ वाचतो!" असं तो निनादला ऐकवायचा.

एका मीटिंगमध्ये त्याची स्क्रीन भिंतीवर दिसत होती. प्रसादने एस हे अक्षर दाबलं मात्र, ब्राउझरने तत्परतेने सुचवलं, "सिक लीव्हसाठी पटतील अशी कारणं."

आमचे मॅनेजर फार सभ्य गृहस्थ. ते इतकंच म्हणाले, "प्रसाद, सोमवारी तुला बरं नव्हतं ना? आता कसं आहे?"

त्या दुपारी प्रसाद स्वतःचा लॅपटॉप घेऊन निनादच्या टेबलापाशी गेला.

*

निनाद जयनगरमध्ये अक्कांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. अक्का म्हणजे तिथल्या जुन्या मराठी घरातल्या, पणजोबांपासून बेंगळुरूच्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर दिवसभर नोटिफिकेशन्स टणटण वाजायची. कधी साड्या, कधी राशिभविष्य, कधी वजन कमी करायचं औषध.

"अक्का, इतक्या साइट्सना तुम्ही परवानगी दिलीत?"

"विचारतात रे बिचारे. दारात येऊन कुणी विचारलं तर नाही कसं म्हणायचं?"

निनादने सगळ्यांना दार बंद केलं. पॉपअपसुद्धा. दोन दिवस घर शांत. तिसऱ्या दिवशी अक्कांना बँकेचं स्टेटमेंट उघडेना, कारण ते नेमकं पॉपअपमध्येच उघडायचं.

"सरी, ठीक आहे रे बाबा," अक्का म्हणाल्या, "आधी नको ते सगळे येत होते, आता हवे तेही येईनात!"

*

पण याच अक्कांनी त्याच्यासाठी स्थळ आणलं. त्यांची भाची मुग्धा, राहायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला. दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी. रविवारी जयनगरहून के. आर. पुरमला कोण जाणार? एकाच शहरात असून पहिली भेट व्हिडिओ कॉलवर ठरली.

निनादने कॅमेऱ्याला कशीबशी परवानगी दिली. माइक मात्र त्याने पूर्वीच असा काही बंद करून ठेवला होता की त्याचा त्यालाच सापडेना.

"तुमचा आवाज येत नाहीये," मुग्धा म्हणाली. त्याने हातानेच खुणावलं, मला ऐकू येतंय, तुम्ही बोला. मग ती अर्धा तास बोलली. नोकरीबद्दल, वडिलांच्या आजारपणाबद्दलही. शेजारी बसलेल्या अक्का सांगतात, निनादचे ओठ तेवढा वेळ सारखे हलत होते.

संध्याकाळी अक्कांना तिचा मेसेज आला, "पहिल्यांदाच कुणी मला मध्ये तोडलं नाही."

सोमवारी निनादने डबा उघडलाच नाही. "मी सतत बोलत होतो गं. हे तिला कळलं की संपलं."

"पण तिचं ऐकलंस का तू?" मी विचारलं.

"ऐकलं ना. म्हणून तर भीती वाटते. मला ती आवडली आहे."

*

पुढच्या रविवारी दुसरा कॉल, अक्कांच्या हॉलमधून. काही बिघडलं तर हाताशी असावं म्हणून मलाही बोलावलं होतं. मी आणि अक्का लॅपटॉपच्या मागे बसलो. निनादने माइकला परवानगी दिली, आणि तीही कायमची!

"आज आवाज येतोय!" मुग्धा म्हणाली.

"एक सांगायचं होतं," निनाद म्हणाला. "मागच्या वेळी मी गप्प नव्हतो. माइक बंद होता."

"का बंद होता?"

झालं! निनाद माइकवरून परवानग्यांवर गेला आणि तिथून कुकीजवर. अक्कांनी समोरून तोंडावर बोट ठेवलं. मी दोन्ही हात हलवले. त्याचं लक्षच नाही. मुग्धा हनुवटीखाली हात ठेवून ऐकत होती. तो श्वास घ्यायला थांबला तेवढ्यात तिने विचारलं,

"मागच्या रविवारचं सेटिंग परत करता येईल?"

"अय्यो!" अक्का पुटपुटल्या.

निनादचा चेहरा पडला. त्याने माइक बंद केला.

मुग्धा खुर्चीत मागे टेकून बसली. "हं, तर मागच्या वेळी मी कुठे होते?" असं म्हणून ती बोलायला लागली.

मी निनादकडे पाहिलं. या वेळी त्याचे ओठही हलत नव्हते.