खिळ्याला काय ठाऊक

ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवायच्या आधी मामा मान वर करायचे आणि आभाळाला सुनवायचे, "घाल, अजून एक घाल!" वर बसून कुणीतरी खास त्यांच्यासाठी खिळे पेरतंय, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

शिरूर कासारच्या फाट्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान. पलीकडच्या गावी माझी शाळा, त्यामुळे माझी मोटारसायकल तिथे वरचेवर आडवी व्हायची. आता तुम्ही म्हणाल, पंक्चरवाल्यानेच खिळ्याच्या नावाने बोटं मोडावीत? मीही एकदा हेच म्हणालो.

"सर, तुमच्या गाडीत घुसतो त्यो खिळा. माझ्या सायकलीत घुसतो त्यो डाव हाय."

स्वतःच्या सायकलीतून निघालेला प्रत्येक खिळा त्यांनी एका डब्यात जपून ठेवला होता. मेल्यावर वरच्याच्या पुढ्यात डबा ओतून जाब विचारायचा, असं ठरलेलं होतं. आपण जेवायला गेलो की गिऱ्हाईक नेमकं समोरच्या पंक्चरवाल्याकडे जातं, म्हणून ते दुकानातच भाकरी खायचे. दुकान सोडून सख्ख्या मेहुण्याच्या लग्नालाही गेले नव्हते. समोरच्याशी बोलणं तर सोडाच, त्याच्याकडे बघतही नसत.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण त्यांच्या मुलीची दोन स्थळं बोलणी होता होता मोडली आणि मामांनी दोन्हींचा दोष स्वतःवर घेतला. तिसऱ्या वेळी चकलांब्याचे पाहुणे यायचे होते, तर हे सकाळपासून दुकानात.

"मामा, अहो घरी जा. बाप नको का तिथं?"

"म्हणूनच न्हाई जात. माझी सावली पडली की हेबी मोडंल." मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

तेवढ्यात एक जीप फाट्यावर लंगडत आली आणि बरोबर आमच्यापुढे बसली. आतून पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ उतरले. चाकाकडे बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"झालं! पोरगी बघाया निघालो, तर हे. पोरगं लई गुणाचं हाय हो, पण दर खेपेला कायतरी आडवं येतंय. आमच्याच वाट्याला कावून असं? मला हे लक्षण बरं दिसत न्हाई. चाक झालं की चकलांब्याला माघारी."

मामांच्या हातातली टायर उचकटायची टॉमी खाली पडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. 'घाल' म्हणतील असं मला वाटलं, पण ते पाहुण्यांकडेच वळले.

"माघारी? अवो पाव्हणं, खिळ्याला काय ठाऊक गाडी कुणाची? त्यो रस्त्यात पडला हुता, तुमी वरून गेलात. ह्यात तुमच्या नशिबाचा काय संबंध?"

आपल्याच तोंडून हे काय निघालं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मला हसू आवरेना.

चाक बसवल्यावर पाहुण्यांनी मुलीच्या बापाचं नाव घेऊन घर विचारलं. मामांनी काळे हात धोतराला पुसले. "त्यो मीच."

"मंग घरी बसायचं सोडून हितं कावून बसलात?"

मामा क्षणभरही अडखळले नाहीत. "तुमचीच वाट बघत हुतो की!"

आणि जीपमध्ये पाहुण्यांच्या शेजारी बसून ते निघून गेले. दुकान सताड उघडं, राखायला मी. त्या दिवशी शाळेत उशिरा पोहोचलो, पण ते लग्न जमलं.

गेल्या आठवड्यात माझं मागचं चाक पुन्हा बसलं. गाडी ढकलत फाट्यावर आलो, तर मामांचं दुकान बंद. इतक्या वर्षांत ते दार दिवसा बंद असलेलं मी पाहिलंच नव्हतं. फळीवर एक गंजका खिळा ठोकलेला, वाकडा होता तो बडवून सरळ केलेला. कुठल्या डब्यातला, ते मी लगेच ओळखलं. त्यावर खडूने लिहिलेली पाटी लटकत होती:

'चकलांब्याला गेलोय. नातीचं बारसं हाय. चार दिवस येणार न्हाई. पंक्चर असंल तर समोर जावा. माणूस चांगला हाय.'

घमेलं पालथं घातलेलं होतं. मला मामांची फार आठवण आली. मग गाडी वळवली आणि समोर गेलो.