मामा आणि नाल्यातलं गवत

माझ्या बायकोच्या मामांइतका संतापी माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्या दोघांना एका एसटीत शेजारी बसवू नये. वनपाल म्हणून निवृत्त होऊन मामांना बारा वर्षं झाली, पण त्यांचं आगीशी असलेलं वैर काही निवृत्त झालं नाही. अकोटच्या स्टँडवर कुणी विडीचं थोटूक फेकलं, की हे धावत जाऊन ते टाचेखाली चिरडतात, उचलून थंड झालं का पाहतात आणि ज्यानं फेकलं त्याच्याच खिशात घालतात. "घ्या, तुमचा माल," एवढंच बोलतात, पण ते ऐकून माणूस विडी सोडायचा विचार करू लागतो. आमच्या लग्नात भटजींनी होम पेटवला तेव्हा वरचा वाळक्या तुराट्यांचा मांडव पाहून मामांचं डोकं फिरलं. सप्तपदी संपेपर्यंत ते पाण्याच्या दोन बादल्या घेऊन होमाशेजारी बसून राहिले. भटजी कुरकुरले तर म्हणाले, "महाराज, मंत्र तुमाले येतात, आग मले येते. तुमी तुमचं करा." आमच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरा, नवरी आणि दोन बादल्या आहेत.

हा झाला त्यांचा रोजचा, किरकोळ संताप. खरा, मुरलेला संताप त्यांनी दोन सरकारी ऑफिसांसाठी राखून ठेवला आहे. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या शिवेवर, डोंगराच्या पायथ्याशी एक नाला आहे. अलीकडच्या काठाचं राखीव जंगल एका ऑफिसकडे, पलीकडच्या काठाचं दुसऱ्याकडे. नाल्याच्या वरच्या टोकाला एक डोह आहे. मे महिन्यातही तो आटत नाही, आणि दोन्हीकडची जनावरं त्याच्यावरच उन्हाळा काढतात. डोहाभोवती अर्जुनाची जुनी झाडं. मामांची अर्धी नोकरी त्या सावलीत गेली. वणवा एका काठावरून दुसऱ्या काठावर जाऊ नये म्हणून दरवर्षी माघात दोन्ही काठांवरचं आणि पात्रातलं गवत कापून जाळरेषा काढायची असते. मामांच्या वेळी दोन्हीकडचे वनरक्षक आणि गावकरी एकाच दिवशी विळे घेऊन यायचे. इकडचे रोडगे आणायचे, तिकडचे वांग्याची भाजी आणायचे. रोडगे मात्र गावातच भाजून आणायचे, जंगलात शेणी पेटवायच्या नाहीत, हा मामांचा दंडक. संध्याकाळपर्यंत नाला साफ व्हायचा. हद्द कुणाची, हे विचारायला कुणाला फुरसतच नसे.

मग नवे नकाशे आले. दोन्ही ऑफिसांनी आपापली हद्द आपापल्या काठावर आणून थांबवली, आणि मधलं पात्र कुणाचंच उरलं नाही. आता दोघंही आपल्या काठावर हात-दीड हात गवत कापतात, फोटो काढतात आणि निघून जातात. दोन न्हाव्यांनी दोन बाजूंनी डोकं भादरून मधे शेंडी ठेवावी, तसं नाल्यात पुरुषभर गवत उभं. मामा दरवर्षी दोन्ही ऑफिसांना पत्रं लिहीत. दोन्हीकडून एकच ओळ परत येई, की सदर क्षेत्र या कार्यालयाच्या हद्दीत येत नाही. निदान या एका वाक्यावर तरी दोघांचं एकमत होतं.

यंदा दोन्ही ऑफिसांनी मिळून समन्वय सभा घेतली. मामांना निमंत्रण नव्हतं, म्हणून मामा वेळेच्या अर्धा तास आधी पोचले. मी अमरावतीहून खास आलो होतो, त्यांना आवरायला. पहिला तास साहेबांनी एकमेकांना पुष्पगुच्छ देण्यात गेला. मग मामा उठले.

"साहेब, नाला कोनाचा?"

"आमची हद्द काठापर्यंत," एक साहेब म्हणाले.

"आमचीही," दुसरे म्हणाले.

"अन् वाघ मधात उभा राह्यला, तं तो कोनाचा?"

"आमचा!" दोघंही एकदम म्हणाले. सभागृहात हशा पिकला. साहेबही हसले. मामा तेवढे हसले नाहीत. "वाघ तुमचा, गवत कोनाचंच नाई. वा रे वा!" म्हणत ते खाली बसले. सीमा निश्चित करण्यासाठी एक समिती नेमून सभा चहाला उठली. मी कप तसाच खाली ठेवला. पोरासोरांना कळणारी गोष्ट ही शिकलेली माणसं मुद्दाम समजून घेत नव्हती, आणि वर बिस्किटं खात होती.

दुसऱ्या दिवसापासून मामा स्वतःच विळा घेऊन नाल्यात उतरले. वय एकाहत्तर. वणवा नेहमी खालून चढतो, म्हणून खालच्या टोकापासून सुरुवात केली. आठ दिवसांत अर्धा नाला कापून झाला, तेव्हा मला फोन आला. "जवाईबापू, कंबर सरळ होऊन नाई राहिली. दोन दिवस या. दोघं असलो तं डोहापर्यंत पोचतो." माझ्या शाळेत दहावीच्या सराव परीक्षा चालू होत्या. मी तसं सांगितलं, आणि वर हेही ऐकवलं, की मामा, ज्यांचं काम आहे त्यांना करू द्या. मग "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी त्यांना दोन नोटिसा आल्या. आमच्या हद्दीत विनापरवाना गवत कापलं, असं दोन्ही ऑफिसांचं म्हणणं. तोच नाला, तेच गवत! आयुष्यभर ज्या जंगलाला ठिणगी लागू दिली नाही, त्याच जंगलात त्यांना चोर ठरवलं. मामा नोटिसा घेऊन दोन्हीकडे धडकले. "आता सापडली हद्द? मंग कापा ना उरलेलं!" दोन्हीकडे त्यांना बसायला सांगितलं आणि बसवूनच ठेवलं. या हेलपाट्यांतच मार्च उजाडला, आणि वणवा आला.

कापलेल्या निम्म्या नाल्यात तो अलीकडच्या काठावरच विझला. उरलेल्या निम्म्यात त्यानं उभं गवत धरलं आणि दोन्ही काठ खाल्ले. दोन्ही ऑफिसांच्या अहवालात नाल्यातलं नुकसान 'निरंक' होतं.

त्या रविवारी मी मामांबरोबर गेलो. डोहाच्या पाण्यावर राखेची साय धरली होती. अर्जुनाची झाडं काळी पडून उभी होती. मामा एका दगडावर बसले. मी दोन्ही ऑफिसांचा उद्धार करत सुटलो, तोंडाला येईल ते बोललो. मामा काठीनं राख उकरत ऐकत राहिले. मी थांबल्यावर म्हणाले, "त्यायचं जाऊ द्या, बापू. दोन दिवस कमी पडले, बस." टोमणा नव्हता तो. मामांना टोमणे येत नाहीत, सरळ भांडण येतं. ते भांडले असते तर फार बरं झालं असतं.

पुढच्या माघात मी आठ दिवसांची रजा काढणार आहे. हे त्यांना सांगितलं, तर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "या. पन टोपी आणजा. डोहावर आता सावली नाई."