आत्याच्या मांजरीचे फोड

बाळंतपणाला मी माहेरी आले तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कापसाचा हंगाम होता. ओसरीवर कापूस, माजघरात कापूस, मी लहानपणी जिथे निजायची तिथेही आढ्यापर्यंत कापूसच. यजमान नागपूरला सरकारी कचेरीत कारकून होते. वऱ्हाडातला चार बुकं शिकलेला माणूस तेव्हा नोकरीला तिकडेच जायचा. माझं माहेर चिखली आणि धाड यांच्या मधल्या एका गावात. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, म्हणून मी पौषाच्या थंडीत तिथे आले आणि मला मुलगी झाली.

बाळंतिणीची खोली मागच्या बाजूला होती. बाज, बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा-बाळंतशोपांची धुरी आणि खिडकीला गोणपाट. सव्वा महिना इथून हलायचं नाही, असा आईचा हुकूम. माझ्यासारख्या चुळबुळ्या बाईला ती शिक्षाच होती. वाचायला काही दिलं तर डोळे जातील, शिवायला दिलं तर कंबर जाईल. मग मी दारातून जेवढं परसदार दिसे तेवढं पाहत पडे. आणि दिवसभर खोलीत येऊन जाऊन एकच सोबत होती, ती आत्याच्या मांजरीची.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. कळत्या वयाच्या आधीच तिचं कपाळ मोकळं झालं आणि ती भावाकडे परत आली, ती कायमची. आम्हा सगळ्यांना न्हाऊमाखू घातलं ते तिनेच. पण लेकरू नवं जन्माला आलं की सव्वा महिना तिने खोलीत यायचं नाही, लेकराला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा रिवाज. माझ्या वेळीही तोच असणार, मी विसरले तरी काय. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून ताट आत सरकवायची आणि मान लांब करून मुलीकडे पाहायची.

"सव्वा महिन्यानं देशीन ना वो मले?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"सगळ्यांत आधी तुलेच देईन," मी म्हटलं.

ती खूश होऊन गेली आणि थोड्याच वेळात परसदारी, मला न दिसणाऱ्या कोपऱ्यातून, ठक ठक आवाज सुरू झाला. आत्या माझ्या लाडवांसाठी गोडंबी काढत होती. बिब्ब्याची काळी बी दगडावर ठेवून फोडायची आणि आतला पांढरा गर, म्हणजे गोडंबी, अख्खी बाहेर काढायची. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की दोन दिवसांनी फोड येतात, ते जागा बदलून पसरतात, माणूस रडकुंडीला येतं. आमच्याकडे याला बिब्बा उतणं म्हणतात आणि हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून ते काम कुणी आनंदाने करत नाही. आत्या मात्र वर्षानुवर्षं करत आली होती. हाताला आधी गोडं तेल, मग राख, मग काम. मनगटाच्या वर जुने डाग होते, पण तळहात असे निबर झाले होते की त्यांना काही म्हणजे काही होत नसे. गावातल्या बहुतेक बाळंतिणींनी तिने काढलेली गोडंबी खाल्ली होती.

तर मांजर. करडी, अंगाने भरलेली, स्वभावाने माझ्याहून शहाणी. पाचवीच्या सुमारास ती माझ्या पायाशी येऊन बसली तेव्हा तिच्या दोन कानांच्या मधोमध एक लाल ओला डाग दिसला. मला वाटलं, बोक्याने ओरबाडलं असेल. चार दिवसांत मानेवर दुसरा, मग पाठीच्या कण्यावर तीन-चार. केस गळायचे, कातडी पिकायची, वर खपली धरायची. मांजर पाठ वळवून चाटायला पाहायची आणि जिथे जीभ पोचत नाही तिथे पोचत नाही म्हणून केविलवाणी ओरडायची. मला ते ऐकवत नसे.

आईने शेजारच्या बाईवर संशय घेतला. आमची मांजर तिच्या दुधात तोंड घालते अशी तिची तक्रार जुनीच होती. वडिलांनी बैलांना नाल ठोकायला येणाऱ्या चाचांना मांजर दाखवली. गावातल्या गुराढोरांचं दुखणं-खुपणं तेच बघत. चाचांनी तिला उजेडात धरलं, कान मागेपुढे केले आणि म्हणाले, "ये खाज नहीं दिखती. जली हुई चमडी है. किसीने ऊपरसे कुछ डाला है." एवढं आईला पुरे झालं. तिने कुंपणाशी उभं राहून शेजारणीची सात पिढ्यांची उजळणी केली. शेजारणीने देवाची शपथ घेतली, मग आईच्या पिढ्या काढल्या. मी आत बाजेवर पडून दोघींचं ऐकत होते. खरं सांगते, त्या सव्वा महिन्यातली तेवढीच एक करमणूक झाली.

चाचांनी गंधकाचं मलम दिलं होतं. आत्या ते रोज मांजरीला लावायची, अगदी मन लावून, मांडीवर घेऊन. आणि फोड वाढायचे. कडुलिंबाच्या पाण्याने पुसून पाहिलं, ते पुसायलाही आत्याच. फोड आणखी वाढले. आता आईला भीती वाटू लागली की हा काही तरी लागट रोग आहे आणि मांजर लेकराच्या खोलीत येते. वडील म्हणाले, "बाजाराच्या दिवशी तिले धाड गावाले नेऊन सोडतो."

"मंग मलेई त्याच बैलबंडीत बसव," आत्या बाहेरून म्हणाली. वडिलांनी बेत सोडला. बहिणीपुढे त्यांचं कधीच काही चालत नसे.

मध्येच आत्याच्या सासरहून, पिंपळगाव राजा या गावाहून, निरोप आला. आत्याचे दीर वारले होते. ज्या घराने तिला कधी विचारलं नाही त्या घरच्या सुतकाला तिला जावं लागलं. ती गेली, आणि मांजर बरी व्हायला लागली. मलम नाही, कडुलिंबाचं पाणी नाही, कुणी तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हतं. तरी खपल्या वाळून पडू लागल्या, खाली गुलाबी कातडी दिसू लागली. मला इतका आनंद झाला की मी मुलीला उचलून ती पाठ दाखवली.

आईलाही ते दिसलं. तिने लाडवांचा डबा खाली ठेवला आणि सावकाश म्हणाली, "पाह्यलं? बाई गेल्या अन् मांजर सुधरली."

"म्हंजे काय?"

"म्हंजे काय काय? हातच तसा आहे त्यांचा. जिच्या हातानं मुकं जनावर धड राह्यत नाही, तिच्या हातात मी नात देऊ? सव्वा महिना झाला तरी नाही द्यायची."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाळंतिणीने ओरडू नये, दूध आटतं, एवढंच आई म्हणत राहिली. ती दुष्ट नव्हती. नणंदेला तिने कधी शिळं वाढलं नाही, तिच्या दुखण्यात उशाशी बसली. पण एखादी गोष्ट तिच्या मनात बसली की ती पक्की बसायची, आणि या खेपेला तर तिच्यापाशी पुरावा होता. मी चिडून झाल्यावर पडल्या पडल्या विचार केला तेव्हा हेच मला सगळ्यांत जास्त खुपलं. आत्या होती तेव्हा फोड होते, आत्या नव्हती तेव्हा फोड नव्हते. हे आईने बनवलेलं नव्हतं. मीही माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला खोटं ठरवायचं तर नुसतं रागावून भागणार नव्हतं; खरं काय ते शोधायला हवं होतं. नाही तर माझी आत्या माझ्या मुलीला कधीच घेऊ शकणार नव्हती.

आत्या परत आली. दोन दिवसांत ठक ठक सुरू झाली, आणि आठवडा व्हायच्या आत मांजरीच्या कानांमध्ये नवा डाग. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तोवर मला उठून परसदारी जायची मुभा मिळाली होती. एका दुपारी मी भिंतीला धरून कोपऱ्यापर्यंत गेले. आत्या माझ्याकडे पाठ करून गोठ्याच्या सावलीत बसली होती. पुढ्यात दगड, बिब्ब्यांचं सूप, राखेची परात. काम संपवून तिने हात एका जुन्या फडक्याला पुसले. मांजर जवळच वाट पाहत होती. ती लगेच मांडीवर चढली. आत्याने आधी अंगठ्याने तिच्या दोन कानांच्या मध्ये घासलं. मग तळहात मानेवरून पाठीवर, शेपटीपर्यंत. पुन्हा वर, पुन्हा खाली. मांजर डोळे मिटून घुरघुरत होती. पोटाला हात नाही, पायांना नाही. फोडही पोटाला नव्हते, पायांना नव्हते.

मी आणखी एक पाऊल पुढे टाकलं. आत्या दचकून वळली, तशी मी काहीतरी सबब सांगितली. माझी समजूत चुकीची असती तर तिच्या मनाला उगाच घोर लागला असता. ती हात धुवायला गेल्यावर मी ते फडकं उचललं आणि डावं मनगट त्यावर चांगलं घासलं. मग मनगटावर चिंधी बांधली आणि मुलीला त्या हाताने घेईनाशी झाले. आईला सांगितलं, मनगट लचकलंय.

फोड आले. आग आग झाली, मनगट सुजलं, आणि मी देवाला हात जोडले असते, पण एका हाताने ते जमत नव्हतं. चिंधी सोडून मी आईला दाखवलं. तिने क्षणात ओळखलं.

"हे तर बिब्बा उतला. तुले कुठी लागला?"

मी सांगितलं. मांजरीला बोलावून तिची पाठ दाखवली. आईने माझं मनगट आणि ती पाठ आळीपाळीने पाहिली. मग म्हणाली, "म्हंजे हात त्यांचाच."

"हात तिचा, पन् गुन बिब्ब्याचा."

"लेकराले काय फरक पडला असता? बरं झालं मी हात लावू नाही देल्ला."

रिवाज मोडून मी मुलीला आत्याच्या हातात दिलं असतं, तर तिच्या कोवळ्या गालांचं काय झालं असतं ते मला कल्पनेतही बघवेना. आई बरोबर होती, भलत्याच कारणाने. पण कारण भलतं असलं की शिक्षेला शेवट नसतो, हे मला तेव्हा कळलं. बिब्बा धुतला तर जातो. कपाळ धुऊन काही होत नाही.

आत्याला सांगणं त्याहून अवघड गेलं. तिला आधी पटेना. "मले तं कधी उतला नाही," ती म्हणत राहिली. मी मनगट दाखवलं. तिने मांजरीकडे पाहिलं, मग आपला हात उघडून तिच्या पाठीवर धरला, न टेकवता, थोडा वरच. अंगठा जिथे फिरे तिथे डाग, तळवा जिथून जाई तिथे डाग. हाताच्या रेघांमध्ये बिब्ब्याचा काळा राप होता.

"मीच केलं वो हे," ती म्हणाली. "मलम लावाच्या नावानं बी मीच." आणि ती रडली. मीही रडले. आत्याला रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, दिराच्या सुतकाहून आली तेव्हाही नाही.

त्या दिवसापासून बिब्बे बंद झाले. उरलेले तिने दूर नेऊन पुरले. रोज हात राखेने घासायची, मग तेल, मग शिकेकाई, मग पुन्हा राख. मांजर मांडीवर यायला बघायची तेव्हा ती दोन्ही हात पदराखाली काखेत दाबून बसायची. मांजरीला काय समजणार? ती डोकं आत्याच्या कोपराला घाशीत राहायची. फोड सुकले. त्या जागी पुढे पांढरे केस आले आणि करड्या पाठीवर एक पांढरा पट्टा मरेपर्यंत राहिला.

सव्वा महिना झाला. मला न्हाऊ घातलं, खोलीच्या खिडकीचं गोणपाट निघालं. मी मुलीला घेऊन ओसरीवर आले आणि सगळ्यांदेखत आत्यापुढे केली. आत्या मागे सरकली. हात पाठीमागे नेले आणि मान हलवली. आईच्या भीतीनेच ती घेत नाही असं मला वाटलं. मी आईशी भांडायच्या तयारीने वळले, तोवर आत्या निघूनही गेली होती.

नंतरचे काही दिवस ती खोलीकडे फिरकलीच नाही. मला राग आला, तिच्याही भित्रेपणाचा. नागपूरला परत जायचे दिवस जवळ आले होते. एका सकाळी मी उन्हात मुलीला तेल लावत बसले होते, आई शेजारी अंगडी घडी करत होती. आत्या आली आणि माझ्यासमोर बसली. नेसूचं धुतलेलं, हात घासून घासून लाल झालेले. तिने गाल माझ्यापुढे केला, मग दुसरा गाल.

"नीट पाह्य," ती म्हणाली. "रोज हात घासून इथी गालाले लावून पाह्यला. उतलं काय कुठी?"

मी पाहिलं. सुरकुतलेले, स्वच्छ गाल होते. आई घडी टाकून पुढे वाकली, आत्याची हनुवटी धरून तिने तोंड उन्हाकडे फिरवलं आणि दोन्ही गाल बारकाईने पाहिले.

"नाही उतलं," आई म्हणाली.

"मंग द्या," आत्या म्हणाली, आणि आईने माझ्या मांडीवरून मुलगी उचलून तिच्या हातात दिली.