वेदीच्या जागी संडास

“संडास तिथे नाही,” असं म्हणून काकूंनी माझ्या ड्रॉइंगवर चष्म्याची केस ठेवली. बरोबर संडासावर.

ॲडलेडपासून दीड तासावरच्या गावात त्यांच्या मुलाने, अमोलने, बंद पडलेलं एक दगडी चर्च विकत घेतलं होतं. वर्क फ्रॉम होम असल्यामुळे त्याला शांतता हवी होती. चर्चचं घर करून पुण्याहून आईला कायमचं आणायचं, हा खरा बेत. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्यांची अट एकच होती: खोलीला लागून संडास. नाहीतर आपलं पुणं बरं.

मी ड्रेनेजची इंजिनिअर. सांडपाणी उतारानेच वाहतं. त्या उताराला आम्ही फॉल म्हणतो. साठ सेंटिमीटर पाईपला एक सेंटिमीटर. पाणी दुसरा कुठलाही धर्म पाळत नाही. कौन्सिलची लाईन मागच्या गल्लीत होती. पुढच्या बाजूला जमिनीखाली खडक. काकूंची खोलीही मागेच होती, जिथे पूर्वी पाद्री कपडे बदलायचा. खोली एवढीशी, पलंग ठेवला की संपली. तिला लागून मोकळी जागा एकच: वेदी, म्हणजे पाद्री प्रार्थनेला उभा राहायचा तो चौथरा.

मी बॉसला, ग्लेनला, फोन लावला. तो म्हणाला, पुढे टॉयलेट कर, पंप बसव, no worries. पुढे म्हणजे खोलीपासून तीस पावलं आणि दोन पायऱ्या. ती पावलं ग्लेनला चालायची नव्हती.

मग मी काकूंना समजवायला बसले. देव-कर्मकांड सोडा असं सांगणारी, विहारात वाटायची पत्रकं वडील घरी छापून आणायचे आणि मी सातव्या वर्षापासून त्या पत्रकांच्या घड्या घालत आले आहे. समजवायला बसले की मी उठत नाही. देव दगडात नसतो, माणसाचे गुडघे महत्त्वाचे, असं सगळं झालं, पत्रकांचंही सांगून झालं. काकूंनी मला चहा दिला.

शेवटी मी म्हटलं, “काकू, हा तर तुमचा देवही नाही.”

“माझा नसेल. पण घर त्याचं होतं ना?”

“चर्चने रीतसर सही करून त्याला इथून हलवलंय. कागद आहे अमोलकडे.”

“अगं, सहीने देव जात असता तर तुमच्या घरी एवढी पत्रकं छापावी लागली असती का?”

अमोल फोनवर टाइल्स बघत होता. त्या टाइल्स तो सकाळपासून बघत होता. काकूंनी त्याला परतीचं तिकीट बघायला सांगितलं, तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

त्या arvo ला, म्हणजे दुपारी, समोरच्या घरातली मार्गरेट लिंबं घेऊन आली. वय ऐंशीच्या पुढे. लग्न याच चर्चमध्ये झालेलं, नवऱ्याची शेवटची प्रार्थनाही इथेच. तिने ड्रॉइंग उलटंसुलटं करून पाहिलं आणि चष्म्याची केस बाजूला केली. मला वाटलं, आता दोघी एक होणार.

“टॉयलेट? इथे?” मार्गरेटने विचारलं.

मी हो म्हटलं.

“चाळीस वर्षं दर रविवारी मी त्या पहिल्या बाकावर पाय आवळून बसले. संडास, आमचा डनी, बाहेर होता, पत्र्याचा, गवतात. गवतात साप. इथे बसून मी देवाकडे दुसरं काय मागत होते, असं वाटतं तुला?” मग ती काकूंकडे वळली. “त्याने उशीर केला, love. पण दिलं.”

काकूंना इंग्रजी कळतं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, दार तेवढं बाजूने काढ, समोरून बरं दिसत नाही. मी दार फिरवलं. फॉल तोच राहिला.

काकू आता तिथेच राहतात. कमोड बसला त्या दिवशी त्यांनी नारळ फोडला आणि तो वापरायचा पहिला मान मार्गरेटला दिला. तिने तो आनंदाने घेतला.

तेव्हापासून जुनी इमारत हाती आली की मी आधी उतार मोजायची लेव्हल लावत नाही. तिथे पूर्वी बसणाऱ्या कुणाला तरी विचारते, इथे तुमची अडचण काय व्हायची? माझ्या सगळ्या पत्रकांत हा प्रश्न नव्हता.

नारळाखाली ताट मीच धरलं होतं. एवढंच वडिलांना सांगितलेलं नाही.